आईनं उचललेला भंडारा

१९९२ साल. मला तिसावं लागलं होतं. लोक सोळाव्या-सतराव्या वर्षी मोठे होतात, मला तेवढा वेळ लागला, आणि त्याची मला लाज वाटत नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढं मास्तरांनी हात उगारला आणि मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आलो, ती अजून तिथंच असेल. त्यानंतर बैल वळले, उसाच्या ट्रॅक्टरवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर झालो आणि शेवटी महाबळेश्वरला एका शेटची टॅक्सी चालवायला लागलो. सीझनभर वर राहायचं, सीझन संपला की खाली गावाकडं यायचं. रोज सकाळी हॉटेलच्या मागच्या नळाला रबरी पाइप लावून मी गाडी धूत असे. टायरसुद्धा धुवायचो. एक दिवस सहज मनात आलं, ह्या गाडीला मी जेवढं पाणी घालतो तेवढं माझी आई दिवसभर डोक्यावरून आणते. त्या दिवसापासून पाइप हातात धरला की हात जड व्हायचा. पण गाडी धुवायचोच. शेट बघत असायचा.

आमची वस्ती गावाच्या वर माळावर, इस्लामपूरच्या रस्त्याला लागून. तीस-बत्तीस घरं. खाली गावात ऊस, मळे, पाट, आणि आमच्याकडं खडक. वडील मी ट्रॅक्टरवर असतानाच गेले. घरात आई, माझी बायको सुमन आणि मी. आईचं नाव तानूबाई. पाणी खालच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं, सकाळी तीन खेपा, दिवस कलताना दोन. चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवर रुपयाएवढी जागा केसाविना राहिली होती. ती पदराखाली असायची, पण न्हाताना दिसायची. घर म्हटलं की मला अजून आवाजच आठवतात. पहाटेचा तांब्याच्या घागरीवर कळशी टेकल्याचा आवाज. भाकरी थापल्याचा आवाज, एका लयीत, मधे एकदाही न अडखळता. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायचे, त्यांचे टेपरेकॉर्डर लांबून ऐकू यायचे आणि गाणं ओळखायच्या आत ट्रॅक्टर पुढं गेलेला असायचा. चुलीवर हुलग्याचं माडगं शिजत असे. त्याचा वास घरभर, आणि माझ्या नातवंडांना आता तो वास सोसत नाही. त्यांना नळसुद्धा नवल वाटत नाही. आज वस्तीवर घरटी नळ आहे, चालू राहिला तरी कुणी उठून बंद करत नाही. मी उठतो. सुना म्हणतात, मामंजींना नळाचं वेड आहे.

त्या साली संक्रांत होऊन गेल्यावर मी घरी आलो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आई विहिरीच्या पायरीवरून घसरली. मी तिच्या मागंच होतो, रिकामी कळशी घेऊन. गुडघा फुटला, रक्त आलं. ती बसल्या बसल्या आधी घागरीकडं बघायला लागली. माहेराहून आणलेली तांब्याची घागर, तिला पोटाशी खोक पडली होती. आई म्हणाली, घागरीचं काय न्हाई, गळत न्हाई. गुडघ्याचं नावच काढलं नाही. मी बडबडत घागर वर आणली. ह्या वस्तीला नळ मिळायला पाहिजे, पाइपलाइन गावापर्यंत आलीय, तिथून वर यायला काय झालंय, असं काहीबाही. आई म्हणाली, "येईल पाणी." मला वाटलं, ती माझी समजूत घालतेय. आईला थोडं बोलायची सवय, आणि मला अर्धं ऐकायची. सगळा घोळ तिथंच झाला.

तसाच तडक ग्रामपंचायतीत गेलो. तिथं आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे आमचे सरपंच. दोन वेळा निवडून आलेले, आमची वस्ती आणि गावातल्या दोन आळ्या मिळून झालेल्या वॉर्डातून उभे राहायचे, कारण माळावरची माणसं प्रश्न विचारत नाहीत हे त्यांना माहीत होतं. माणूस वाईट नव्हता, हे आज लिहिताना मला लिहिलंच पाहिजे. कुणाच्या मयताला पहिला हजर. कुणाच्या पोरीचं लग्न अडलं तर मांडव घालून द्यायचा. फक्त जे करायचं ते आपण होऊन करायचं, कुणी मागितलं म्हणून नाही, असा त्यांचा स्वभाव. मी नळाचं बोललो तसा त्यांनी पेपर खाली केला आणि हसून म्हणाले, "नळाचं बोलायला तू मेंबर हायस व्हय रं? आधी मेंबर हो, मग बोल."

चार माणसं बसली होती, तीही हसली. आप्पांनी ते चेष्टेत म्हटलं. पण मी चौथीत पाटी ठेवून उठलेला माणूस. निवडणूक लागलेली होती, फॉर्म भरायला दोनच दिवस राहिले होते. मी सरळ हवालदार नानांच्या घरी गेलो. नाना आमच्या वस्तीवरचे, फौजेतून पेन्शनीत आलेले, वस्तीतले एकटे असे की ज्यांच्याकडं शाईचं पेन होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाले, सोच लिया है ना, मागं फिरायचं न्हाई. मी म्हटलं, मागं फिरणाराला तुमच्याकडं यायचं कारण काय. फॉर्म त्यांनी भरला, शिक्षणाच्या पुढं चौथी लिहिताना माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचं मला अजून आवडतं. सही मी केली. घरात कुणाला विचारलं नाही. पुरुष माणसानं विचारायचं कशाला, असं त्या वयात वाटतं.

फॉर्म भरून आलो तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. सुमन कणगीतनं ज्वारी काढत होती. मी पायातली चप्पल काढता काढता सांगून टाकलं, की मी मेंबरकीला उभा राहिलो. आईचा हात थांबला. भाकरी थापताना तिचा हात थांबलेला मी जन्मात तेवढ्या एकदाच बघितला. अर्धी भाकरी परातीत तशीच.

"कुणाच्या इरोधात?"

"आप्पांच्या."

तिनं ती भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग म्हणाली, "मी आप्पांच्या घरचा भंडारा उचललाय."

आता हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील, म्हणून नीट लिहितो. आमच्याकडं निवडणूक आली की ताटात खंडोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि तिच्यावर बेलाचं पान घेऊन पुढारी घरोघरी जात. ताटातली चिमूट उचलून कपाळाला लावली की मत दिल्याचं वचन झालं. ते मोडायचं धाडस कुणी करत नसे. मोडलं तर घरातलं जनावर मरतं, पोर आजारी पडतं, असं मानत. मी वरून घरी यायच्या आदल्या आठवड्यात आप्पांच्या बायकोनं वस्तीवरच्या मारुतीच्या कट्ट्यापाशी हळदीकुंकू केलं होतं. कुंकू सवाष्णींना, पण तिळगूळ वाटून झाल्यावर भंडाऱ्याचं ताट आईसारख्या विधवांपुढंही फिरलं. त्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमी आमाला मत द्या, आमी ह्या कट्ट्यापाशी नळ देतो, हा आमचा पण भंडारा. आणि स्वतःही चिमूट लावली. वस्तीतल्या बावीस बायकांनी भंडारा उचलला. सुमन तेव्हा बाहेरची होती, लांब बसली होती, म्हणून ताट तिच्यापुढं आलंच नाही. हे सुमननं मला नंतर सांगितलं. आईनं तेवढंच सांगितलं, की उचललाय.

मी म्हटलं, तवा मी उभा नव्हतो, त्यामुळं ती शपथ धरायची न्हाई. आई म्हणाली, "देवाला काय सांगू? माझं पोरगं उशिरा आलं म्हणून?" मग माझ्यापुढं ताट ठेवलं. भाकरी, लसणाची चटणी आणि वरून तेलाची धार. मी ताट सरकवलं आणि उठलो. भूक लय लागली होती, ते अजून आठवतं.

त्या दिवसापासून मी आईशी बोलणं टाकलं. ती पण माझीच आई. एका खणाच्या घरात आम्ही दोघं सुमनच्या तोंडानं बोलायला लागलो. आई म्हणायची, सुमन, त्याला इच्यार दूध घेतो का. मी दोन हातांवर बसलेलो. सुमन मला विचारायची, मी सुमनला सांगायचो, सुमन आईला सांगायची. चौथ्या दिवशी सुमन दोघांना म्हणाली, मी काय पोस्टमन हाय काय, आणि दूध मधे ठेवून परड्यात गेली. दुधावर साय धरली तरी दोघं बसून राहिलो.

चिन्ह मला छत्री मिळालं. आप्पांना कपबशी. पाणी नसलेल्या वस्तीत छत्री घेऊन मी हिंडायला लागलो तशा म्हाताऱ्या चेष्टा करायच्या, आरं, पाऊस बी तूच आणणार हायस व्हय. मला भाषण येत नव्हतं. नानांनी कागदावर लिहून दिलं होतं, पण बाभळीखाली पंधरा-वीस माणसं गोळा झाली आणि कागदावरची अक्षरं माझ्यासमोर मुंग्यांसारखी पळायला लागली. मी कागद खिशात घातला आणि टॅक्सी धुण्याचं सांगितलं. पाइप, टायर, शेट, आणि पाणी कसं उताराला वाहून जातं ते. आईची घागर सांगितली, तिची खोक सांगितली. टाळूचं सांगितलं नाही, ते घरातलं होतं. कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की मी निवडून येऊ शकतो.

अडचण बायकांच्या मतांची होती. नानांनी तोड काढली. ते म्हणाले, जो भंडारा उचलला तो देवाला परत करता येतो, नारळ फोडून माफी मागायची आणि चिमूटभर हळद पायरीवर ठेवायची, झालं. कुणी म्हणालं असं चालतं, कुणी म्हणालं चालत नाही. पण दुसऱ्याच दिवशी, रविवारी, माळाच्या टोकावर जे खंडोबाचं देऊळ आहे तिथं बायका जायला लागल्या. एक गेली, मग तिची जाऊ गेली, मग शेजारीण गेली. चौदा बायकांनी भंडारा परत केला. मी लांब बाभळीखाली उभा राहून मोजत होतो. सुमननं घरी येऊन आईला सांगितलं, आत्याबाई, समद्या निघाल्यात, तुमी बी चला, मी नारळ आणते. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "देव काय दुकान हाय, परत करायला?" मी दाराबाहेर होतो, मला ऐकू यावं एवढ्याच आवाजात म्हणाली.

मला तेव्हा तिचा राग आला. एवढा, की मी तिच्या विहिरीच्या खेपेलासुद्धा गेलो नाही, सुमनला पाठवलं. आज त्या रागाकडं बघतो तेव्हा वाटतं, माझ्या आयुष्यात माझ्याएवढं हट्टी माणूस मला एकच भेटलं, आणि मी तिच्याच पोटचा होतो, तर मला नवल कशाचं वाटत होतं.

मतदान खालच्या शाळेत होतं, माझ्याच शाळेत. जिथं पाटी ठेवून आलो त्या खोलीत पेटी. मी फाटकाबाहेर चुन्याच्या रेघेच्या अलीकडं उभा. अकराच्या सुमाराला आई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, जे ती लग्नाकार्याला नेसायची, आणि कपाळाला ठसठशीत भंडारा लावून. गुडघा अजून नीट झाला नव्हता, हलके हलके चालत होती. मी तोंड फिरवलं. ती आत गेली, रांगेत उभी राहिली, मत देऊन बाहेर आली. बोटाला शाई. माझ्यासमोर येऊन थांबली. आठ-दहा दिवसांत ती माझ्याशी सरळ बोलली नव्हती.

"आप्पांना दिलं. दुसऱ्याकडनं कळण्यापरीस मीच सांगते."

आणि निघून गेली. आजूबाजूला दोन्हीकडची माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. मी रेघेकडं बघत राहिलो.

मोजणी दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला, तहसील कचेरीत. आमचा वॉर्ड दुपारी घेतला. मी जाळीपलीकडून बघत होतो. चिठ्ठ्यांच्या दोन थप्प्या, कधी ही उंच वाटायची, कधी ती. नाना माझ्या मागं उभे, फौजेत उभे राहतात तसे, आणि मोजणारा क्लार्क थुंकी लावून एकेक चिठ्ठी उलगडत होता. एकशे बहात्तर कपबशी. एकशे एक्काहत्तर छत्री. नानांनी परत मोजायला लावलं. परत तेच. दोन चिठ्ठ्यांवर शिक्का भलत्याच जागी पडला होता, त्या बाद. तिसऱ्यांदा मोजा म्हणायला नाना तोंड उघडत होते, मी त्यांचा हात धरला.

बाहेर गुलाल सुरू झाला होता. कुणीतरी म्हणालं, म्हातारी मताला आली नसती तर बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकून तरी निकाल लागला असता. दुसरा म्हणाला, पोराला दिलं असतं तर एका नव्हं, दोन मतांचा फरक पडला असता, तिकडचं एक कमी आन इकडं एक जादा. सगळ्या कचेरीच्या आवारात तो हिशेब चालला होता आणि सगळ्यांना बरोबर येत होता. आप्पा माझ्याकडं चालत आले. त्यांनी मूठभर गुलाल माझ्याही कपाळाला लावला, तशी रीतच आहे, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझ्या आईसारखी माणसं हायत म्हणून आमचं चालतंय बघ, गड्या." ते मनापासून म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. पण इस्लामपूरपासून वस्तीपर्यंत ते एक वाक्य माझ्या बरोबर चालत आलं. मी एसटीत बसलो नाही. गुलालाचा ट्रक मला वाटेत ओलांडून गेला, त्यात आमच्या वस्तीतलीही चार पोरं नाचत होती. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्यांना वाट दिली.

घरी आलो तेव्हा दिवे लागायची वेळ. सुमननं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि पाणी आणून दिलं. अर्धा तांब्या. आमच्याकडं तोंड धुवायला अर्धाच तांब्या मिळायचा, निवडून आलेल्याला आणि पडलेल्याला सारखाच. आई चुलीपुढं. तिच्या कपाळावर पिवळा भंडारा, माझ्या कपाळावर गुलाल, तो धुवूनही पुरा निघाला नव्हता. तिनं ताट वाढलं. भाकरी, आमटी, कांदा, आणि त्या दिवशी गूळसुद्धा. मी ह्या खेपेला ताट सरकवलं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सरकवायला अंगात जोर नव्हता.

"एका मतानं," मी म्हटलं.

"कळलं मला."

"तुझ्या."

"व्हय. माझ्या."

मी जेवत राहिलो. ती भाकरी थापत राहिली, त्याच लयीत. सुमन दारात उंबऱ्यावर बसली होती, बाहेर बघत. मला वाटलं आता आई रडेल, नाहीतर माझ्या पाठीवरून हात फिरवेल, माफी मागेल. असलं काही तिला येत नव्हतं. शेवटची भाकरी तव्यावरून काढून तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात धुतले, लुगड्याला पुसले आणि माझ्यासमोर बसली.

"मी माझं देऊन मोकळी झाले," ती म्हणाली. "आता आप्पांचं ऱ्हायलंय. चिमूट त्यांच्या बायकोनं बी लावलीया, माझ्या डोळ्यांदेखत. मला मागाय येत न्हाई, माझी जीभ चालत न्हाई. तुझी चालती, तर माग."

मी ताटातला गूळ तोंडात टाकला. मेंबर झाल्याशिवाय बोलायचं नाही असं मला सांगण्यात आलं होतं, आणि मेंबर तर मी झालो नव्हतो. पण अंथरुणावर पडल्यावर मला एक गोष्ट हळूहळू कळायला लागली. मी निवडून आलो असतो तर आप्पांनी त्या नळाचं वचन कुणासाठी पाळायचं होतं? माझ्या आईनं त्यांना जो शब्द दिला होता, तो तिनं आपल्या पोटच्या पोराला पाडून पुरा केला होता. त्याच्याएवढं घट्ट ह्या गावात कुणाच्याच हातात काही नव्हतं. ते मी तिच्या हातातून घ्यायचं होतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळशी टेकल्याचा आवाज व्हायच्या आधी मी उठलो. तांब्याची घागर उचलली. आई अंथरुणावर उठून बसली होती, तिनं विचारलं नाही. मी तिच्या टाळूवरच्या त्या जागेकडं एकदा बघितलं आणि घागर माझ्या खांद्यावर घेऊन बाहेर पडलो. विहिरीची वाट उजवीकडं जाते, मी डावीकडं वळलो, गावात. आप्पांच्या दारातला गुलाल अजून झाडलेला नव्हता. ते ओट्यावर मिश्री लावत उभे होते, मला बघून थांबले.

"काय रं, एवढ्या सकाळी?"

मी घागर त्यांच्या पायरीवर ठेवली, खोक त्यांच्याकडं येईल अशी, आणि तिच्याशेजारी बसलो.

"आईनं घागर पाठवलीया," मी म्हटलं. "भरून न्यायचीया. कट्ट्यापाशी नळ लागतोय तवर आमी दोघं हितंच बसतो."